विहिरीच्या पाण्याचा ताळेबंद



पाणी गाळून, उकळून पिण्याचा संस्कार आपल्या घरांत आजही टिकून आहे. चातुर्मासात साधू-साध्वीजींसाठी उकळलेले पाणी ठेवणे, ही तर आपल्या गृहिणींची सेवाच. या संस्काराने अनेक रोगांपासून आपले रक्षण केले. परंतु बारामती-इंदापूर परिसरात विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी पिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पाण्यातील नायट्रेट गाळून निघत नाही, उकळूनही जात नाही. उलट पाणी आटून निम्मे झाले, तर त्याचे प्रमाण दुप्पट होते.

हे नायट्रेट येते कोठून? नीरा डाव्या कालव्यामागून ऊस आला, उसामागून युरिया. युरियात ४६ टक्के नत्र. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो. मातीतील जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. पिकाच्या गरजेहून उरलेले नायट्रेट माती धरून ठेवत नाही. मोकाट दिलेल्या पाण्याबरोबर ते खाली झिरपते. गोठे आणि शोषखड्डेही त्यात भर घालतात.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील सुमारे ३५ टक्के नमुन्यांनी ही मर्यादा ओलांडलेली दिसते. सर्वाधिक धोका सहा महिन्यांखालील बाळांना. वरच्या दुधात असे पाणी गेल्यास रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, ओठ-नखे निळसर पडतात.

नोकरीत असताना विहीर-कर्जाची कितीतरी प्रकरणे मी मंजूर केली. पाणी किती लागले, हे दर वेळी विचारले. कसे लागले, हे एकदाही नाही. ती नोंद राहून गेली, याची आज खंत वाटते.

आपल्यापैकी अनेकांची खतांची दुकाने आहेत. गोणी अधिक खपली की नफा दिसतो; त्या नफ्याचा खर्च मात्र कोणाच्या तरी विहिरीच्या खाती पडतो. माती-परीक्षणाचा अहवाल पाहून खत द्यावे, नत्र एकदम न देता हप्त्याहप्त्याने, शक्यतो ठिबकमधून द्यावे, असे गिऱ्हाइकाला सांगणे हीदेखील अहिंसाच. अशा सल्ल्याने गिऱ्हाईक तुटत नाही, जोडले जाते.

घरच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या वा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. नायट्रेट अधिक निघाल्यास आर.ओ. यंत्र उपयोगी पडते. साधा कँडल फिल्टर पुरत नाही. गाळणे-उकळणे सोडू नये. त्याला तपासणीची जोड द्यावी. घरात तान्हे बाळ असेल, तर हे काम उद्यावर टाकू नये.