पणजीचे माहेर

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे कुणबी नोंदींसाठी चाळली गेली. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात वंशावळीला एकाएकी मोल आले. या वंशावळीत बाप, आजा, पणजा असतात. पणजीचे माहेर नसते.

स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईचे माहेरचे आडनावही लिहितात. इंग्रजीत मात्र चुलत, मामे, आते, मावस या साऱ्या भावंडांना एकच शब्द पुरतो. आपली भाषा बाईकडून आलेले नाते इतके नेमके जपते आणि आपली वंशावळ तेच गाळते, ही विसंगती साहित्याच्या अभ्यासकाला तरी खटकावी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्राने आईचे नाव आणले. आजोळ अजून बाहेरच आहे. म्हणून दप्तर उघडण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे : पणजी कुठल्या गावची, कोणाची लेक?