अठरा वर्षे पूर्ण झाली, पुढे काय?

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलांना बाप म्हणून आपले नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केले. त्यांची जुनी मागणी मात्र तशीच आहे. अनाथ दिव्यांगांना अठराव्या वर्षानंतरही संस्थेतच राहू द्या, तसा कायदा करा, असे ते सांगत आले आहेत. डॉक्टर म्हणून मला ही मागणी रास्त वाटते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालगृहाचा आधार अठराव्या वर्षापर्यंत दिला आहे. पुढे अनुरक्षणाची सोय २१ आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत आहे. तोवर मुलाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही त्यामागची कल्पना. पण ज्याला घासही दुसऱ्याने भरवावा लागतो, त्याने कुठे उभे राहायचे?

सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूची मूळ इजा वाढत नाही, पण त्रास वाढत जातो. स्नायू आखडतात, खुब्याचा सांधा निखळतो, पाठीचा कणा वाकतो. घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो. फिटच्या गोळ्या अचानक बंद झाल्या, तर झटके थांबत नाहीत आणि जिवावर बेतते. सहा वर्षांच्या मुलाला एक मावशी उचलू शकते. वीस वर्षांच्या तरुणाला दोघी लागतात. म्हणजे खर्च वाढण्याच्या वयातच सरकारी आधार आटतो.

तरतुदी अजिबात नाहीत, असे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी वेगळे कलम आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, तर ‘घरौंदा’ योजना प्रौढांच्या कायमच्या निवासासाठी आहे. अडचण अशी की बालगृहे महिला व बालविकास विभागाकडे आणि दिव्यांगांचे काम २०२२ मध्ये स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे. अठराव्या वर्षी मुलाची फाइल या दोन टेबलांच्या मध्ये अडकू शकते.

म्हणून मूल सोळा वर्षांचे झाले की दिव्यांग ओळखपत्र, कायदेशीर पालक आणि विमा यांची तयारी दोन्ही विभागांनी मिळून सुरू करावी. अनुदानही केवळ डोकी आणि वय मोजून देऊ नये. एका मुलाला दिवसाला किती तासांची शुश्रूषा लागते, हे तपासून ते ठरवावे.

आपणही वाढदिवसाला अशा संस्थेत गोडाचे जेवण देतो. ते जरूर द्यावे. पण जाताना व्यवस्थापकांना विचारावे, की मावशींचा पगार वेळेवर होतो का आणि फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती वेळा येतात? जेवणाच्या पंक्तीला देणगीदार सहज मिळतात. रात्री दर दोन तासांनी मुलाची कूस बदलणाऱ्या मावशीच्या पगारालाही देणगीदार हवेत.