फी भरण्याआधी लेखी मागा

शेअर बाजाराचा ऑनलाइन कोर्स घ्यायचा विचार करणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती आहे: शिकवणारा काय बोलतो यापेक्षा त्यातले किती लिहून द्यायला तयार आहे, ते पाहा. 99 रुपयांच्या वेबिनारमध्ये नफ्याचे स्क्रीनशॉट येतात, नोकरी सोडून घरबसल्या कमावणारे विद्यार्थी येतात, कोपऱ्यात घड्याळ उलटे धावते आणि ‘फक्त 7 जागा शिल्लक’ असे झळकते. ते पान बंद करून पुन्हा उघडा. पुष्कळदा घड्याळ पहिल्यापासून सुरू झालेले दिसेल. आणि रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंच्या जागा संपतात तरी कशा? त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘नफ्याची हमी नाही’, ‘फी परत मिळणार नाही’ असे लिहिलेले असते. तोंडाने दिलेले सगळे तिथे काढून घेतलेले असते, आणि भांडण झाले की विक्रेता तोच मजकूर पुढे करतो.

‘पण यशस्वी विद्यार्थी तर खरे असतात ना?’ असतीलही. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. म्हणजे याच प्रमाणाने हजारांच्या बॅचमध्ये सत्तरएक जण नफ्यात असणारच, शिकवणे कसेही असो. त्यांतले दहा पडद्यावर आणणे अवघड नाही. उरलेल्या 930 जणांचे काय झाले, हे विचारा. नुसते शिकवायला सेबीची नोंदणी लागत नाही, मात्र फी घेऊन ‘हा शेअर आज घ्या’ असा सल्ला द्यायला लागते. ग्रुपवर टिप्स देऊ असे कोणी म्हटले, तर नोंदणी क्रमांक मागून सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा.

सगळे लेखी मागण्याच्या या आग्रहावर एक आक्षेप रास्त आहे: गावात बसून प्रामाणिकपणे शिकवणाऱ्याकडे ना कंपनी असते, ना जीएसटी क्रमांक. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागतही नाही. म्हणून केवळ तेवढ्यावरून कोणाला लबाड ठरवू नका. पण पूर्ण नाव, पत्ता, किती तास शिकवणार आणि फी कोणत्या अटीवर परत मिळेल, या चार ओळी ईमेलवर पाठवायला त्याला कंपनी लागत नाही. ‘आत्ताच भरा, उद्या सवलत नाही’ एवढेच उत्तर आले, तर ती सवलत जाऊ द्या. हप्त्यांच्या बाबतीत तर फारच जपा. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून ज्यावर सही करता, ते बहुतेक वेळा वित्तसंस्थेचे तुमच्या नावावरचे कर्ज असते. क्लास बंद पडला तरी ती संस्था हप्ता मागतच राहते.

पैसे गेलेच असतील तर लाजेपोटी गप्प राहू नका. पावती, जाहिरात आणि चॅट जपून ठेवा. फसवणुकीसाठी 1930 वर, ग्राहक तक्रारीसाठी 1915 वर फोन करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता दिल्लीत असला तरी सांगलीचा ग्राहक सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू शकतो.