डोक्याचा मुका मार आणि कायद्याची यादी

करोल बागेत नाईवाल्याकडे गेले की मोटारसायकलच्या सामानाची दुकानेच दुकाने लागतात. तिथे हेल्मेट घेणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांचा प्रश्न एकच: ‘चलान तर होणार नाही ना?’ डोके वाचेल का, हे कोणी विचारत नाही. दुचाकीचे हेल्मेट आयएसआय मार्कचेच विकले पाहिजे असा केंद्र सरकारचा हुकूम १ जून २०२१ पासून लागू आहे. तरीही दिल्लीत रस्त्याकडेला पातळ प्लॅस्टिकच्या टोप्या हेल्मेट म्हणून विकल्या जातातच. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे दुचाकीच्या अपघातांत मेली, हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. पाळीला दुचाकीवरून कोण जातो, हे साथींना सांगायला नको.

मेलेल्यांची निदान मोजणी तरी होते. जे वाचले आणि कामावर परत आले, त्यांच्याबद्दल मला लिहायचे आहे.

कवटीच्या आत मेंदू पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. धडक बसली की कवटी जागच्या जागी थांबते, मेंदू मात्र पुढे जाऊन हाडावर आदळतो. बाहेर कधी खरचटलेलेही नसते. आपल्याकडे याला मुका मार म्हणतात, आणि मुका मार म्हणजे हळद लावून विसरायचा मार अशी आपली समजूत. मोटारीच्या मागच्या सीटवर पट्टा न लावता बसणाऱ्यालाही हाच धोका आहे.

आपल्या दिल्लीचा रमण लांबा आठवा. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात क्लबच्या सामन्यात तो फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला उभा राहिला. षटकाचे थोडेच चेंडू उरलेत म्हणून हेल्मेट घेतले नाही. चेंडू डोक्यावर बसला, तरी तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेला. थोड्याच वेळात शुद्ध हरपली आणि २३ तारखेला तो गेला. ‘चालतोय, बोलतोय, म्हणजे ठीक आहे’ हा समज किती घातकी आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. क्रिकेटला पुढे शहाणपण आले. १ ऑगस्ट २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेता येतो. पण कबड्डी, कुस्तीच्या मैदानावर अजून तोंडावर पाणी मारून गड्याला परत उभे करतात. खेळावर नोकरी मिळालेला आमचा रेल्वेचा खेळाडू तर दुखणे लपवतोच. खेळ सुटला तर उद्या काय, ही धास्ती त्याला असते.

आता कामावर परतलेल्या माणसाचे काय होते ते पाहा. तो निरोप विसरतो, आवाजाने चिडतो, रात्री झोपत नाही, साहेबाला उलट बोलतो. हात-पाय शाबूत, नजर चांगली. आणि रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीतले वर्ग तर मुख्यतः नजरेवरच ठरतात! मग दुखणे कोणाला दिसणार? दिसतो तो बेशिस्तपणा. हाती येते चार्जशीट. घरी बायको म्हणते, ‘हे आधी असे नव्हते.’ माझ्या मते चौकशी अधिकाऱ्याने पहिली साक्ष तिचीच घ्यावी.

कायदाही डोळ्यांना दिसते तेवढेच मोजतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. बोटाच्या पेरापेराचा हिशेब आहे, मेंदूचे नाव नाही. यादीबाहेरची इजा असली की टक्केवारी डॉक्टरने ठरवायची, आणि तिथे मालकाचा वकील हुज्जत घालतो. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पण यादी जुनीच. शंभर वर्षांत वैद्यकशास्त्र कुठे गेले आणि यादी कुठे राहिली!

एक गोष्ट मात्र पदरात पडली आहे. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना वाटेत मेला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवता आला तर घरून कामावर जातानाचा अपघात हाही कामावरचाच अपघात. विधवेला बावीस वर्षे थांबावे लागले. नव्या संहितेतही ही तरतूद आहे. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कामगाराला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते.

तेव्हा शाखांनी येत्या पीएनएमच्या विषयपत्रिकेत एवढे घालावे: डोक्याला मार लागलेल्या कामगाराला कामावर घेण्यापूर्वी मेंदूच्या डॉक्टरकडून स्मरण आणि वागणुकीची तपासणी व्हावी, आणि अपघातानंतरच्या वर्षभरात वागणुकीबद्दल चार्जशीट देण्यापूर्वी तो अहवाल पाहणे बंधनकारक असावे. साथींनी डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनची फिल्म आणि पोलिसांच्या कागदाची नक्कल घरी जपून ठेवावी. ड्युटीवर जाता-येता अपघात झाला असेल, तर त्या दिवसाच्या रोस्टरची नक्कल शाखा सचिवाने त्याच आठवड्यात काढून घ्यावी. नंतर ती मिळत नाही.