मानण्यात येणार नाही

कायद्याच्या मजकुरात ‘मानण्यात येईल’ हे शब्द आले की भाषांतर करणाऱ्याने सावध व्हावं. जे नाही ते आहे असं ठरवायची ताकद त्यांच्यात असते. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 मध्ये त्यांचं नकारार्थी रूप भेटतं: पक्षाच्या नेत्यांनी प्रचारासाठी केलेला प्रवासखर्च उमेदवाराचा मानण्यात येणार नाही. हेलिकॉप्टर दिसतं, त्याची धूळ डोळ्यांत जाते, पण हिशोबात ते नसतं.

मुळात ही सूट याहून मोठी होती. पक्षाने केलेल्या ज्या खर्चाचा उमेदवार जाणूनबुजून फायदा घेतो तो त्याच्याच खात्यात धरावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 1974 रोजी कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं. महिना संपायच्या आत वटहुकूम निघाला आणि पक्षाचा खर्च मोजणीतून वगळला गेला. 2003 मध्ये सूट नेत्यांच्या प्रवासापुरती उरली. पण पक्षाने स्वतःच्या नावाने केलेल्या प्रचाराला मर्यादा तेव्हा घातली नाही, नंतरही नाही.

मी राहते त्या बंगळुरातून हे गणित मांडते. कर्नाटकात विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा आहे. 224 जागा, म्हणजे एका पक्षाचे सगळे उमेदवार मिळून 89 कोटी 60 लाख. पक्षाला स्वतःला? वाटेल तेवढे. फलकावर नुसतं चिन्ह आणि नेत्याचा चेहरा असेल तर खर्च पक्षाचा. उमेदवाराचा फोटो आला की त्याचा. नेत्याच्या सभेत उमेदवार व्यासपीठावर बसला की सभेच्या खर्चातला वाटा त्याच्या नावावर. स्वतःच्याच प्रचारसभेत न दिसण्यात उमेदवाराचा फायदा, अशी ही व्यवस्था आहे.

मराठी वाचकांना गोपीनाथ मुंडे आठवत असतील. 2009 च्या लोकसभेला आपले आठ कोटी खर्च झाले, असं 2013 मध्ये मुंबईत ते जाहीरपणे बोलून गेले. तेव्हा मर्यादा होती 25 लाख. आयोगाला दिलेला हिशोब वीस लाखांच्या आतला. आयोगाने नोटीस काढली, बाकीचे पुढारी गालातल्या गालात हसले. पुढच्याच वर्षी मुंडे पुन्हा निवडून आले. त्यांचं वाक्य मला त्या काळातल्या साऱ्या निवडणूक-हिशोबांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

15 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक रोखे रद्द झाले तेव्हा आपण साहित्यातली माणसंही खूश झालो. व्हायलाच हवं होतं. पण त्या निकालाचा विषय पैसा कुठून येतो हा होता. किती ओतायचा, हा प्रश्न तिथे नव्हताच.

मर्यादा घातली तर काळा पैसा वाढेल, असं सांगतात. मग उमेदवारावरची मर्यादा तरी कशाला ठेवली आहे? अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये उमेदवाराच्या खर्चावरची मर्यादाच अभिव्यक्तीच्या नावाने रद्द केली. मला ते पटत नाही, पण त्यात सुसंगती आहे. ब्रिटनमध्ये 2000 च्या कायद्यापासून पक्षालाही मर्यादा आहे. आपण गरीब अपक्षाला पकडणारं जाळं विणलं आणि मोठ्या माशासाठी दार उघडं ठेवलं.

सूत्र नव्याने शोधायलाही नको. उमेदवाराची मर्यादा गुणिले उमेदवारांची संख्या, किंवा त्याच्या निम्मं, असं निवडणूक आयोगानेच सुचवलेलं आहे. मी निम्म्याच्या बाजूची आहे: कर्नाटकात 44 कोटी 80 लाख. त्यात नेत्यांचा प्रवासही धरावा.

कन्नडमध्ये खर्चाला ‘वेच्च’ म्हणतात. मराठीत त्याचंच भावंड ‘आयुष्य वेचणं’ यात उरलं आहे, पण पैशांच्या हिशोबातून ते गेलं. पक्षांचा वेच्च आज आपल्याला कळतो तो विधानसभेनंतर 75 आणि लोकसभेनंतर 90 दिवसांनी, मंत्र्यांची खाती वाटून झाल्यावर. तो प्रचार चालू असताना, दर आठवड्याला, इथे कन्नडमध्ये आणि बीडमध्ये मराठीत जाहीर व्हावा. भाषांतर करायला माणसं आहेत.