शिशाची गोळी घरी परतते

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, खुरपे, सुरी यांच्याबरोबर एक लोखंडी साचाही पूजेला असतो. चिमट्यासारखे दोन दांडे, टोकाला दोन वाट्या. त्या मिटल्या की आत बोराएवढी पोकळी. पणजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचा हा साचा. बंदूक केव्हाच सरकारजमा झाली. यंदा नातवाने विचारले, "अज्जा, यात काय ओतायचे?" मी म्हटले, "शिसे. तुझी अज्जी त्याला सीस म्हणते आणि गोळीला गुंडु." तो लगेच म्हणाला, "मग गॅसवर ओतून बघूया की!" त्याला थांबवताना मला बुऱ्हाणपूरचा शाहजादा दानियाल आठवला.

अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि दख्खनची सुभेदारी या धाकट्या मुलाकडे आली. त्याचा मुक्काम बुऱ्हाणपुरात असे. तिथे तापीच्या पलीकडे जैनाबादला आजही आहूखाना दाखवतात. आहू म्हणजे फारसीत हरीण. मोगलांचे हे शिकारीचे मृगवन. दानियालला दोन नाद होते, बंदुकीची शिकार आणि दारू. आवडत्या बंदुकीच्या नावातच त्याने 'जनाजा' हा शब्द घातला होता. गोळी लागली की थेट तिरडी, असा अर्थ. दारू सुटेना म्हणून अकबराच्या हुकमाने पहारे बसले. तेव्हा एका बंदूकवाल्याने त्याच बंदुकीच्या नळीत दारू भरून आणली. नळीतला गंज आणि बंदुकीच्या दारूची काजळी त्यात विरघळली, ती पिऊन शाहजादा अंथरुणाला खिळला आणि गेला, असे त्याचा भाऊ जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो.

आता गोळीकडे वळू. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे घरची चूल पुरते. लोखंडाला दीड हजारावर अंश लागतात. शिवाय शिसे पाण्याच्या ११ पटींहून जड, त्यामुळे छोट्या गोळीतही मोठा दणका. अकबराच्या 'संग्राम' या एकाच बंदुकीच्या नावावर १,०१९ जनावरांची नोंद आईन-इ-अकबरीत आहे. पण शिसे मऊ. हरणाच्या अंगात गोळी चपटी होऊन मोठी जखम करी; गवा किंवा हत्ती यांच्या जाड हाडावर मात्र ती तिथेच पसरे, आणि घायाळ जनावर रानात जाऊन दिवसेंदिवस तडफडे. म्हणून मोठ्या जनावरांचे शिकारी शिशात कथील मिसळून गोळी कठीण करू लागले. पुढे रायफलींचा वेग वाढला, तेव्हा गोळीवर तांब्याचे कवच आले. अमेरिकेतले हौशी शिकारी आजही कथील आणि अँटिमनी मिसळून घरी गोळ्या ओततात.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचा शौक बंद केला, हे बरेच झाले. परदेशात जिथे शिकार चालते तिथे आता वेगळेच कळले आहे. मऊ शिशाची गोळी आदळली की तिचे बारीक कण जखमेपासून दूरवर मांसात पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, क्ष-किरणात दिसतात. ते खाऊन कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडे मेली. तिथे २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. शिकाऱ्याच्या पोराबाळांच्या ताटातही तेच मांस जाते. मुलांच्या रक्तात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मेंदूच्या वाढीवरच घाला घालते.

मग आपल्याला याचे काय? वाचकहो, बंदुका गेल्या, पण शिसे गेलेले नाही. मासे धरायच्या जाळ्याला लावायची वजने नदीकाठी अजून घरीच ओतली जातात, कुठे जुन्या बॅटरीतले शिसे स्वयंपाकाच्याच पातेल्यात वितळते. धूर आणि राख घरातच राहते, आणि पोरे तिथेच खेळतात. पातेले घासून पुन्हा आमटीला घेतात, तेही पाहिले आहे. हे थांबवायला कायदा कशाला हवा? शेजारच्या घरात आपण मराठीत किंवा कन्नडमध्ये एकदा सांगितले तरी पुरे.

नातवाला मी दानियालची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने साच्याला झेंडूचे फूल वाहिले आणि विचारले, "अज्जा, पणजोबांच्या घरी मटण कोण कोण खायचे?"

मी म्हटले, "सगळेच."