खिशातली बॅटरी पेटते तेव्हा

ई-सिगारेटच्या बॅटरीने भाजलेल्या रुग्णांच्या नोंदी अमेरिका व ब्रिटनमधील डॉक्टरांनी केल्या आहेत. त्यांत अनेकदा तोंड नव्हे, मांडी भाजलेली असते. सुटी लिथियम-आयन बॅटरी खिशातल्या किल्ल्यांना किंवा नाण्यांना टेकली की शॉर्टसर्किट होऊन ती क्षणात पेटते. बॅटरी प्लास्टिकच्या डबीत ठेवावी, आवरण फाटलेली किंवा फुगलेली वापरू नये, तिच्यासाठीचाच चार्जर लावावा, हा सल्ला योग्यच आहे. पण भारतात २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. चोरून विकल्या जाणाऱ्या मालाची हमी कोण देणार? शिवाय चांगली बॅटरी आग टाळेल, निकोटिनचे व्यसन नाही. ते सोडायचे असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. बॅटरी निवडण्याआधी तो फोन करावा.